ज्याचा त्याचा घास

धाकटीला भरवायची वेळ झाली की मला नकोसं व्हायचं. खोटं कशाला सांगू, कधीकधी वाटायचं, ही दुपार आज आलीच नाही तर किती बरं होईल. मांडीवर ताट, ताटात वरणभात आणि तूप, शेजारी जाड पुठ्ठ्याचं ते जनावरांच्या चित्रांचं पुस्तक उघडून ठेवलेलं, आणि समोर माझी तीन वर्षांची पोरगी गाल फुगवून बसलेली. गालात घास. गिळायचा नाही, थुंकायचा नाही, नुसता धरून ठेवायचा. मी पान उलटायची, ती चित्र बघायची, घास तिथल्या तिथे. भिंतीपलीकडे पावरलूमची खटखट, आतल्या खोलीत नवरा नाइट करून झोपलेला, म्हणून आवाज चढवायची सोय नाही, आणि मशीनवर फॉल-पिकोच्या साड्यांचा ढीग. जीव अगदी मेटाकुटीला यायचा.

उन्हाळ्याच्या तोंडी तिला ताप आला होता. ताप उतरला, पण पोरगी निम्मी होऊन उठली. फ्रॉक खांद्यावरून घसरायला लागले, गळ्याची हाडं दिसायला लागली. डॉक्टरांनी काट्यावर उभं केलं, नकारार्थी मान हलवली आणि टॉनिक लिहून दिलं. मोबाइल दाखवून भरवता का म्हणून विचारलं. मी हो म्हटलं, कारण त्या क्षणी मोबाइल तिच्याच हातात होता. आमच्या बुऱ्हाणपुरात डॉक्टर हिंदीतच बोलतात, आणि ते जे बोलले ते माझ्या अजून कानात आहे. "मोबाइल आज से बंद. अगली बार तक वज़न नहीं बढ़ा तो भरती करना पड़ेगा, नली से खिलाएँगे."

नळी. तापात सलाईन लावताना तिची शीर सापडत नव्हती. मीच तिचा हात दाबून धरला होता आणि ती माझ्याकडेच बघून रडत होती, जणू मीच टोचत होते. नंतर तो हात सुजून असा झाला की बांगडी कापून काढावी लागली. ते सगळं परत होणार, आणि ह्या वेळी नाकातून नळी, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. त्यामुळे दुपारी माझ्या मांडीवर जे ताट असायचं त्यात नुसता भात नव्हता, हे समजून घ्या.

पुस्तक नवऱ्याने आणलं. तो कागदाच्या कारखान्यात कामाला, रोज रेल्वेने जाऊन-येऊन. एक दिवस येताना शनवारा भागातल्या दुकानातून हे घेऊन आला आणि मोठ्या खुशीत म्हणाला की घे, आता मोबाइलची गरजच नाही. पुस्तक खरंच छान होतं. एका पानाला एक जनावर. गाय, बकरी, कुत्रा, कोंबडी, मग हत्ती, अस्वल, उंट, आणि शेवटी माकड. माकडाच्या हातात केळं होतं, तेही असं पिवळंधमक की आमच्या गावातून ट्रकच्या ट्रक भरून जातात त्यातलंही एक तसं नसेल.

मला वाटलं, झालं आपलं काम. मोठी मुलगी आता पहिलीत आहे. तिला मी 'हा घास चिऊचा, हा घास काऊचा' करतच वाढवली. ती तर काऊ यायच्या आधीच आ करून बसायची, चिऊचा आणि काऊचा दोन्ही घास गट्टम करून तिसरा कोणाचा म्हणून विचारायची. तिला भरवणं म्हणजे भरवणं नव्हतंच, नुसतं ओतणं होतं. आता तर हातात आख्खं चित्रांचं पुस्तक, चिऊ-काऊवर भागवायचीही गरज नाही.

पहिल्या दिवशी धाकटी पुस्तकापुढे अशी मांडी घालून बसली की मला भरूनच आलं. गायीच्या नाकावर बोट ठेवलं, बकरीच्या कानाला हात लावला. मी म्हटलं, हा घास गायीचा, आणि तिने तोंड उघडलं. घास आत गेला. मी मनातल्या मनात गणपतीला हात जोडले. मग तिने तोंड मिटलं ते मिटलंच. बकरीचं पान आलं, कुत्र्याचं आलं, गायीचा घास गालात तसाच. मी म्हटलं गीळ ना बाळा. तिने माझ्याकडे असं बघितलं की मी काहीतरी भलतंच मागतेय.

मग रोज हेच. आणि आपल्याकडे पोरगं जेवत नाही म्हटलं की सल्ल्यांना काय तोटा! गावी खकनारला राहणाऱ्या सासूबाई फोनवर म्हणाल्या की दृष्ट लागली, मीठ-मिरच्या ओवाळून टाक. टाकल्या. फॉल लावायला आलेल्या एका बाईने जंतांचं औषध सुचवलं. नवऱ्याचं म्हणणं, मोबाइलची सवय तुटतेय, जरा दम धर. दम! त्याला काय जातं, तो झोपेतून उठून विचारणार, जेवली का? मी पातळ करून बघितलं, घट्ट करून बघितलं, भरीत, खिचडी, दूध-पोळी, सगळं करून बघितलं. पुस्तक रोज वेगळ्या पानापासून सुरू करून बघितलं, कधी हत्तीपासून, कधी कोंबडीपासून, तरी ती पहिला घास घ्यायची, फार तर दुसरा, आणि गालात ठेवून पुस्तक बघत बसायची. थोड्या वेळाने उठून दारच्या ओट्यावर पळायची. मी थकून जाऊ द्यायची. ताटात उरलेलं मी गॅसपाशी उभ्यानेच संपवायची आणि मशीनवर बसायची. ह्यालाच मी जेवण म्हणत होते.

बरं, पोरीला भूक नव्हती असंही नाही. केळं हातात दिलं तर सालीसकट खाईल अशी खायची. मुरमुरे जमिनीवर सांडले तर वेचून खायची. एकदा मी कढई घासायला काढली तर त्यातली खरवड तिने बोटाने चाटून पुसून साफ केली. पण केळ्यावर आणि मुरमुऱ्यांवर वजन कुठून वाढणार, आणि मला तर ते बघून जास्तच राग यायचा. सगळं चालतं, फक्त आईने ताट घेऊन बसवलं की दातखीळ.

शेजारी चाची राहतात. त्यांच्याकडे दोन लूम आणि एक बकरी. एका संध्याकाळी मी साड्या पोहोचवायला गेले होते तेव्हा धाकटी त्यांच्याकडे खेळत होती. परत आले तर चाची दारातच उभ्या, तोंडभर हसत सांगायला लागल्या की बहू, हिने कटोरीभर खिचडी खाल्ली, मागून खाल्ली. मी हसले. काय करणार! घरी आले, दार लावलं आणि तिथेच खाली बसले. म्हणजे पोटही ठीक आहे, घसाही ठीक आहे, खिचडीही आवडते. नको आहे तो फक्त माझा हात. दवाखान्यात मीच तिला दाबून धरलं होतं, ते ती विसरली नाही, असं मी धरून चालले. इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं. मोठीने विचारलं मम्मी काय झालं, मी म्हटलं काही नाही, पाय दुखतात.

पायही दुखतच होते.

आमच्या घरी सकाळी पहिली पोळी गायीची. सासूबाईंची शिस्त, मी ती बुऱ्हाणपुरातही मोडली नाही. गल्लीत एक तांबडी गाय फिरते, ती बरोबर शाळेच्या वेळेला आमच्या ओट्याशी येऊन उभी राहते. पोळी द्यायचं काम मोठीचं, आणि मोठी म्हणजे फौजदार. पोळी तव्यावरून उतरली की गॅसच्या बाजूला वेगळी ठेवायची, तिला कोणी हात लावायचा नाही. धाकटीने एकदा त्या पोळीचा तुकडा मोडून तोंडात घातला होता. मोठीने बोट घालून तो काढला आणि तिला चांगलं समजावलं की जे गायीचं ते आपण नाही खायचं, आपण खाल्लं तर ती उपाशी राहते. धाकटी रडली, मग स्वतःच तो ओला तुकडा गायीला देऊन आली. हे तापाच्या आधीचं. घरात अशा गोष्टी रोज होतात, कोण लक्षात ठेवतं.

चाचींकडे तिने खिचडी खाल्ली त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे परत जायचं होतं. मी तिला रोज न्हाऊ घालताना बरगड्या बघायची आणि मनात म्हणायची, वाढलं असेल, थोडं तरी वाढलं असेल. वाढलेलं नव्हतं, ते उचलताना हाताला कळत होतं. दारच्या ओट्यावर हल्ली मुंग्यांची रांग असायची, रोज झाडलं तरी परत. आणि चाचींची बकरी आमच्या दारातून हलायचं नाव घेत नव्हती. मी तिला हाकलून हाकलून कंटाळले. एवढं घराघरांतून फिरायला मिळतं, हिला आमच्याच दारात काय ठेवलंय, असं मी नवऱ्याला म्हटलंसुद्धा.

त्या दुपारी ऊन असं होतं की पंखासुद्धा गरम वारा फेकत होता. मी भिंतीला टेकून बसले होते, ताट मांडीवर. हा घास गायीचा म्हटलं, मग हा घास बकरीचा म्हटलं, आणि माझा डोळा लागला. बसल्या बसल्या. ताट कलंडलं तेव्हा जाग आली. पुस्तक बकरीच्या पानावर उघडं आणि पोरगी जागेवर नाही.

दार उघडं होतं. ओट्यावर धाकटी वाकून उभी होती आणि तिच्या समोर ती बकरी. पोरीने तोंडात दोन बोटं घातली, गालातला भात काढला आणि ओट्याच्या कडेला ठेवला. मग दुसऱ्या गालातला काढून बकरीपुढे ठेवला. बकरीने चाटून घेतला. तिने बकरीच्या कपाळावर हात फिरवला, जशी मोठी गायीच्या फिरवते. मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं की माझं तूप, माझं वरण, माझ्या सगळ्या दुपारी त्या बकरीच्या पोटात गेल्या आहेत. माझं डोकंच फिरलं. मी जाऊन तिचा दंड धरला आणि हात उगारला.

मोठी पायरीवर चित्र रंगवत बसली होती. ती उठून मध्ये आली.

"मम्मी, मारू नको ना. तो बकरीचा घास होता."

मी हात तसाच ठेवून उभी. काय बोलतेस म्हणून विचारलं. मग तिने मला सगळं सांगितलं, आणि अशा सुरात की हे तर मला आधीच माहीत असायला पाहिजे होतं. गायीचा घास ती ओट्यावर ठेवते, गाय आली की खाते. कुत्र्याचा कुत्र्याला. बकरी तर इथेच असते, म्हणून तिला लगेच मिळतो. कोंबडी चाचींच्या मागच्या दारी असते, तिकडे दोघी मिळून जातात. मी विचारलं, आणि तू मला सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, त्यात सांगायचं काय, तूच रोज म्हणतेस ना की हा गायीचा, हा बकरीचा. दुसऱ्याचं आपण खायचं नसतं.

"आणि हत्ती आपल्या गल्लीत येतच नाही," ती म्हणाली. "म्हणून हत्तीचा ती धरून ठेवते. खूप वेळ धरते बिचारी."

मला हसूही येईना आणि रडूही येईना. मी तिथेच पायरीवर बसले. माझा हात कधी खाली आला तेही कळलं नाही. म्हणजे पोरगी भुकेली होती. तोंडात तूपभात असताना भुकेली होती, आणि गिळत नव्हती, कारण तो हत्तीचा होता, आणि हत्ती उपाशी राहिला असता. चाचींच्या घरी पुस्तक नव्हतं, कोणाचं नाव नव्हतं, तिथे तिने मागून मागून खाल्लं. केळं कोणाचं नव्हतं, मुरमुरे कोणाचे नव्हते, कढईतली खरवड तर कोणाचीच नव्हती. माझ्या हाताचा तिला राग नव्हता. माझं बोलणं ती शब्द न् शब्द ऐकत होती. खांद्यावरून पोतं उतरवल्यासारखं वाटलं.

आत आले. सांडलेलं पुसलं, पातेल्यातला उरलेला भात घेतला, वरण घातलं. पुस्तक मिटून खाली सरकवलं. धाकटी अजून घाबरलेली होती, माझ्या हाताकडे बघत होती. मी घास केला आणि तिच्यापुढे धरला.

"हा घास तुझा," मी म्हटलं.

तिने तोंड उघडलं नाही. "माझा?"

"तुझा."

तिने मान वळवून मोठीकडे बघितलं. मी आई, मी भात शिजवला, पण परवानगी फौजदाराची! मोठीने थोडा विचार केला आणि मान डोलावली. मग ह्या पोरीने असा आ केला की मला तिच्या दाढा दिसल्या. घास आत गेला, तोंड हललं, आणि तिच्या त्या काडीसारख्या गळ्यातून घास खाली उतरताना मी बघितला. मी जन्मात इतक्या लक्षपूर्वक काही बघितलं नसेल.

ह्यानंतर सगळं सोपं झालं असं समजू नका. आता प्रत्येक घासाला सांगावं लागायचं, हा तुझा, हाही तुझा, हाही. एखाद्या घासाला विसरले की ती गालात धरून थांबायची. आणि पुस्तकातली जनावरं उपाशी राहिली म्हणून दोघींनी रडारड केली, तेव्हा एक लहान वाटी वेगळी काढावी लागली. जेवणाआधी पान उलटत त्या वाटीत चिमूट चिमूट भात टाकायचा, हत्तीच्या नावाने जरा जास्त. मग ती वाटी बकरीपुढे. हत्तीचा वाटा बकरीला चालतो का, यावर मोठीने बरीच हरकत घेतली होती. मी म्हटलं, हत्तीने सांगून ठेवलंय. माझ्यात वाद घालायची ताकद नव्हती. चाचींना सांगितलं तर त्या हसून हसून खाटेवर आडव्या झाल्या, आणि म्हणाल्या, तरीच म्हटलं बकरी मोटी कैसे हो गई.

ठरल्या दिवशी डॉक्टरांकडे गेलो. तिला काट्यावर उभं केलं. काटा हलला, थांबला, आणि जरासा पुढे गेला. जरासाच. डॉक्टर म्हणाले, ठीक आहे, टॉनिक लागू पडलं, हेच चालू ठेवा, भरतीची गरज नाही. मी टॉनिकचे आभार मानले आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. नवऱ्याला फोन करायचं सुचलंसुद्धा नाही. नुसती तिला मांडीवर घट्ट धरून बसले. ती म्हणाली, मम्मी, गरम होतं.

घरी आलो तेव्हा दुपार टळत आली होती. नवरा रात्रीच्या ड्यूटीआधी झोपलेला, मोठी चाचींकडे ठेवलेली. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं, पण आधी हिचं. वाटीचं केलं, मग ताट घेतलं. तुझा, तुझा, तुझा. ती जेवली. पोट भरलं तसे तिचे डोळे जड झाले. मी ताट उचलायला लागले, तर तिने ताटात हात घातला. उरलेल्या भाताचा गोळा केला, वेडावाकडा, बोटांतून गळणारा, आणि माझ्या तोंडासमोर धरला.

"हा मम्मीचा."

मी म्हटलं, तू खा बाळा, मी नंतर खाते. हे मी रोज म्हणते. नवऱ्याला म्हणते, मोठीला म्हणते, चाचींना म्हणते. कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही. ती मात्र हात तसाच धरून बसली. झोपेने डोळे मिटत होते, भात तिच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळत होता. मी तिचा हात धरून तिच्याच तोंडाकडे वळवायला गेले, तर तिने तोंड घट्ट मिटून घेतलं आणि मान हलवली.

"मी नाही खायचा," ती म्हणाली. "मम्मीचा आहे. मम्मी उपाशी राहील."

मशीनवर साड्या पडल्या होत्या, गॅसपाशी खरकटं पडलं होतं. मी ताट खाली ठेवलं, तिच्यासमोर नीट मांडी घालून बसले आणि आ केला.